राणी भिंत, मोरपिशी भिंत : मातिसची ‘उघडी खिडकी’ स्वतः रंगवून पाहा

फ्रेंच चित्रकार आंरी मातिसचं ‘उघडी खिडकी, कोलियूर’ हे चित्र वर्गात दाखवलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “हे तर मनाला येतील ते रंग फासलेत.” एका काकांनी तर थेटच विचारलं, “ताई, समुद्र गुलाबी? आमचा नातू असाच रंगवतो.” मी वाद घालत नाही. दहा बाय बारा इंचांचा बोर्ड त्यांच्यापुढे सरकवते आणि म्हणते, “काका, मग हेच चित्र करून दाखवा. घाई नाही.” दुसऱ्या तासाला काकांचा ब्रश हवेत थांबतो. उजवी भिंत जराशी फिकी लागलेली असते, आणि तेवढ्यानं डावी भिंत, दोन्ही तावदानं, खालची फुलं, सगळ्यांनी मान टाकलेली असते.

या चित्रातला प्रत्येक रंग शेजारच्या रंगाच्या जिवावर उभा आहे. हे वाचून कळतं, पण पटतं ते हात रंगात बुडवल्यावर. म्हणून हा लेख चित्राच्या रसग्रहणाचा नाही, नक्कल करण्याचा आहे. तीन-तीन तासांच्या दोन बैठका हाताशी ठेवा. चित्रकला शाळेतच सुटली असेल तरी चालेल. उलट अशा मंडळींना हे जास्त सोपं जातं, का ते पुढे येईलच.

आधी चित्राची ओळख

१९०५ चा उन्हाळा. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सरहद्दीजवळ, भूमध्य समुद्राच्या काठी कोलियूर नावाचं मासेमारीचं गाव आहे. पस्तीस वर्षांचा मातिस तिथे उन्हाळाभर राहायला आला. वकिलीचं शिक्षण सोडून तो चित्रकलेत पडला होता, संसार होता, आणि चित्रं फारशी विकली जात नव्हती. त्याने आंद्रे देराँ या आपल्याहून तरुण चित्रकार मित्रालाही बोलावून घेतलं आणि दोघं शेजारी शेजारी बसून बंदर रंगवू लागले.

त्याच्या हातात तेव्हा दोन वेगवेगळे धडे होते. पहिला आदल्या वर्षीचा : १९०४ चा उन्हाळा त्याने साँ-त्रोपेला चित्रकार पॉल सिन्याकच्या सहवासात काढला होता. शुद्ध रंगाचे ठिपके एकमेकांना न मिसळता शेजारी ठेवायचे, ही सिन्याकची शिस्त. दुसरा धडा त्याला कोलियूरच्याच मुलखात मिळाला. शिल्पकार मायॉलच्या ओळखीने तो चित्रकार गोगँचे मित्र दानिएल द माँफ्रेद यांच्याकडे गेला आणि तिथे त्याने गोगँची ताहिती बेटावरची चित्रं पाहिली. त्यांत ठिपके नव्हते, रंगाचे मोठे सपाट तुकडे होते. ही दोन नावं लक्षात ठेवा. ब्रश कुठे कसा मारायचा हे ठरवताना आपल्याला ती लागणार आहेत.

भाड्याच्या घराच्या खिडकीतून बंदर दिसायचं. तेच चित्र. माप फक्त ५५.३ × ४६ सेंटिमीटर, म्हणजे फ्रान्समध्ये तयार मिळणारा १० नंबरचा साधा कॅनव्हास. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या ‘सालाँ दोतॉन’ या शरद प्रदर्शनात ते लागलं. याच दालनांत एक जुन्या धाटणीचं शिल्प मधोमध ठेवलेलं पाहून समीक्षक लुई व्होसेलने लिहिलं की हा तर रानटी पशूंच्या घोळक्यातला दोनातेल्लो (पंधराव्या शतकातला थोर इटालियन शिल्पकार). फ्रेंचमध्ये पशू म्हणजे ‘फोव्ह’, आणि त्या टवाळीवरूनच या चित्रकारांना फोव्ह हे नाव चिकटलं. चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

नक्कल करण्यात कमीपणा वाटत असेल तर एवढंच सांगते की मातिसनेही लूव्र संग्रहालयात बसून शार्दँ आणि द हीम या जुन्या चित्रकारांच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. कायद्याचं म्हणाल, तर भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. मातिस १९५४ मध्ये गेला, त्यामुळे ती अडचण नाही. फक्त खाली त्याची सही करू नका. स्वतःची करा आणि मागे ‘मातिसवरून’ असं लिहा.

साहित्य

दहा बाय बारा इंचांचा कॅनव्हास बोर्ड घ्या. मूळ चित्राची उंची आणि रुंदी यांचं प्रमाण १.२ आहे आणि या बोर्डाचंही नेमकं तेच, म्हणून काही कापावं लागत नाही. जाड ए-थ्री कागद असेल तर त्यावर २८ × ३३.६ सेंटिमीटरचा चौकोन आखून घ्या. पूर्ण ए-थ्री वापरू नका, खिडकी ताणल्यासारखी लांब होते.

रंग ॲक्रिलिक असले तर उत्तम. घरात पोस्टर कलर पडून असतील तर तेही चालतील, कारण पहिल्या बोर्डावर आपण एका रंगावर दुसरा चढवणार नाही, एकाशेजारी दुसरा ठेवणार आहोत. पोस्टर कलरवर ओला ब्रश पुन्हा फिरला की खालचा थर उठतो, एवढं सांभाळा. मूळ चित्र तैलरंगात आहे, पण पहिल्या वेळी तैलरंगाच्या वाटेला जाऊ नका. ते लवकर सुकत नाहीत आणि शेजारचे रंग एकमेकांत घुसून चिखल होतो.

ट्यूबा एवढ्याच : पांढरा, मॅजेंटा, शेंदरी किंवा कॅडमियम ऑरेंज, लेमन यलो, अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू आणि व्हिरिडियन हिरवा. काळी ट्यूब कपाटात ठेवून द्या. ती लागणार आहे, पण अगदी शेवटी. पांढरा म्हणून आज दुकानात टायटॅनियम व्हाइट मिळतो, तो १९०५ मध्ये बाजारात नव्हता. त्याची झाकण्याची ताकद भलतीच असते, म्हणून वाटतो त्याच्या निम्माच घ्या.

ब्रश तीन : अर्ध्या इंचाचा चपटा, पाव इंचाचा चपटा आणि चार नंबरचा गोल. दोन पाण्याची भांडी ठेवा. एक गुलाबी-शेंदरीसाठी, दुसरं हिरव्या-निळ्यासाठी. हे चोचले वाटतील, पण या चित्रात राणी आणि मोरपिशी हे एकमेकांचे विरोधी रंग आहेत, आणि विरोधी रंग पाण्यात जरी भेटले तरी करडं पाणीच होतं. रंग कालवायला पांढरी चिनी मातीची बशी घ्या. स्टीलच्या ताटलीत रंग आहे त्याहून गडद दिसतो.

मे महिन्यात आमच्याकडे पंख्याखाली बशीतल्या ॲक्रिलिकवर दहा मिनिटांत साय धरते. पाण्याचा फवारा जवळ ठेवा, नाहीतर पंखा बंद करा आणि घाम पुसत बसा. मी दुसरा पर्याय निवडते.

चित्र समोर कसं ठेवायचं

इंटरनेटवर या चित्राच्या शेकडो प्रती फिरतात आणि एकीचा गुलाबी दुसरीला जुळत नाही. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचीच प्रत घ्या. फोनचा ‘रात्रीचा पिवळा उजेड’ बंद करा. तो चालू राहिला तर सगळी राणी भिंत विटकरी दिसते, आणि आमच्या वर्गात एकीने तीन तास विटकरी भिंत रंगवली आहे. शक्यतो फोन नकोच, लॅपटॉप किंवा टॅबलेट घ्या, कारण ब्रशचे फटकारे मोजता आले पाहिजेत.

पहिली वीस मिनिटं : हातात काही न घेता

पाहण्याचा क्रम बाहेरून आत ठेवा. सगळ्यात बाहेर दोन बाजूंना खोलीच्या भिंतींच्या पट्ट्या आहेत. त्यांच्या आत खिडकीची आत उघडलेली दोन दारं, त्यांच्यात तावदानं. मग बाल्कनी, कुंड्या, वेली. त्यापलीकडे बोटी, आणि शेवटी समुद्र-आकाश. चौकटीत चौकट, तिच्यात आणखी चौकट. आपल्याला वाटतं हे समुद्राचं चित्र आहे. बोटाने मोजून पाहा, बोटींनी किती जागा घेतली आहे ती.

आता भिंती पाहा. डावीकडची मोरपिशी, उजवीकडची राणी. एकाच खोलीच्या दोन भिंती अशा रंगवलेल्या असतील, असं कुणाला वाटणार नाही. मग तावदानांकडे जा. डाव्या दाराच्या काचेत समोरच्या भिंतीचा राणी रंग पडलाय, उजव्या काचेत समोरचा मोरपिशी. म्हणजे मोरपिशीला चिकटून राणी, आणि राणीला चिकटून मोरपिशी. ही अदलाबदल हा या चित्राचा सांधा आहे. मोरपिशी साडीला राणी काठ का खुलतो हे ज्यांना विणकराच्या घरी जन्म न घेताही माहीत आहे, त्यांना इथे समजवायला काहीच लागत नाही. वर्गातल्या काकू काकांच्या आधी इथे पोचतात, हा माझा दरवेळचा अनुभव.

मग ब्रश पाहा. भिंतींवर तो लांब, रुंद, सैल फिरलाय. कुंड्या-पानांत आखूड, तुटक ठिपके. पाण्यावर मधल्या लांबीचे फटकारे. एकाच चित्रात एवढ्या तऱ्हा का? ते दोन धडे आठवा. भिंतींत गोगँ, पानांत सिन्याक, आणि दोघांचं भांडण न मिटवता मातिसने दोघांनाही एकाच घरात ठेवून घेतलंय. निदान मला तरी ते तसं दिसतं.

शेवटी फोनमधून चित्र कृष्णधवल करून पाहा. भिंती गडद, मधला देखावा उजळ. भर दुपारी घरातून बाहेर पाहताना खिडकीभोवतीची भिंत अशीच अंधारी होते, नाही का? मातिसने उजेड-अंधाराचं हे नातं सोडलेलं नाही. अंधाराच्या जागी त्याने काळा किंवा तपकिरी न घालता राणी आणि मोरपिशी घातला, एवढाच फरक. पण केवढा फरक!

डोळ्यांचा प्रयोग, पाच मिनिटांचा

हातभर राणी रंगाचं कापड किंवा कागद घ्या. मध्ये पेनने एक ठिपका काढून त्याकडे तीस सेकंद टक लावा. मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. फिका हिरवा डाग तरंगताना दिसेल. डोळा एका रंगाने थकला की त्याचा विरोधी रंग स्वतःच तयार करतो. आता राणी कागदाशेजारी करड्या कागदाचा तुकडा ठेवा. तो करडाही जरासा हिरवट वाटायला लागतो.

शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे सविस्तर मांडलं. तो पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे भिंतीवर लावायचे नक्षीदार पट विणले जात. काळा धागा नीट काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. रंगात खोट निघेना. खोट होती शेजारच्या रंगांत. त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथच छापला, आणि पुढे सेरा, सिन्याक वगैरे ठिपक्यांनी रंगवणाऱ्या मंडळींनी तो मनावर घेतला. मातिसपर्यंत हे ज्ञान सिन्याकमार्फत आलं, पण ठिपक्यांची शिस्त मात्र त्याला फार दिवस मानवली नाही.

आखणी : पेन्सिल नको

माझी पहिली नक्कल मी पट्टी आणि एचबी पेन्सिलने छान आखून घेतली होती. गुलाबी फिरवला आणि ग्राफाइट त्यात उतरलं. सबंध समुद्र धुणं धुतल्यावरच्या पाण्यासारखा झाला. तेव्हापासून आखणी ब्रशनेच.

सेरुलियनमध्ये भरपूर पाणी घालून अगदी पातळ करा. गोल ब्रशने आधी बोर्डाची उभी आणि आडवी मध्यरेषा टिंबांनी दाखवा. मूळ चित्रावरही तशाच दोन रेषा मनातल्या मनात ओढा आणि काय कुठे पडतं ते पाहत जा. सात-आठ रेषांत काम व्हायला हवं : दोन भिंतींच्या कडा, दोन दारांच्या आतल्या कडा, वरची पट्टी, बाल्कनीची खालची ओळ आणि क्षितिज. बोटी आखू नका. फक्त डोलकाठ्या कुठे उभ्या आहेत तिथे एकेक टिंब द्या. रेषा वाकडी आली तर राहू द्या, मातिसच्या चौकटीही काही गवंड्याच्या ओळंब्याने तपासलेल्या नाहीत.

भिंती

इथूनच सुरुवात करायची. पुष्कळ जणांना बोटींपासून सुरुवात करायचा मोह होतो, कारण त्या गोड दिसतात. पण भिंती हे या चित्राचे दोन तंबोरे आहेत. ते लागल्याशिवाय गाण्याला बसू नये.

मोरपिशीसाठी व्हिरिडियन दोन भाग, सेरुलियन एक भाग आणि पांढरा अगदी बोटभर. राणीसाठी मॅजेंटात कणभर अल्ट्रामरीन आणि थोडा पांढरा. दोन्ही रंग बशीत एकाच वेळी तयार ठेवा आणि बोर्डाला लावायच्या आधी एका कागदाच्या कपट्यावर एकमेकांना चिकटून लावा. सांधा ‘थरथरतोय’ असं वाटलं पाहिजे. एक रंग दुसऱ्याला दाबत असेल तर दाबणाऱ्यात पांढरा वाढवू नका, दबलेल्याची ताकद वाढवा. पांढरा घालून तडजोड करायची सवय आपल्याला फार आहे, आणि तिच्यामुळेच चित्रं बाळाच्या झबल्यासारखी होतात.

लावताना अर्ध्या इंचाचा ब्रश, उभे लांब फटकारे. पुन्हा त्याच जागी ब्रश फिरवायचा नाही. भिंत एकसारखी झाली पाहिजे हा हट्ट सोडा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना हे फार जड जातं, कारण सपाट, एकसंध, कागद कुठेही न दिसणारं रंगकाम हेच तिथे चांगलं ठरतं. सुरुवातीला म्हटलं ना, ज्यांची चित्रकला शाळेत सुटली त्यांना हे सोपं जातं, ते यासाठी.

ॲक्रिलिक सुकल्यावर किंचित गडद होतो, पोस्टर कलरचे गडद रंग सुकल्यावर फिके पडतात. कपट्यावरचा रंग पूर्ण सुकू द्या, मगच निर्णय घ्या.

तावदानं

आता अदलाबदल. डाव्या दाराच्या काचांत राणी, उजव्या काचांत मोरपिशी, पण भिंतीवरचाच रंग तसाच उचलून नव्हे. काचेत पडलेला रंग भिंतीपेक्षा हलका आणि थोडा उडता असतो. त्यात इथे थोडा शेंदरी, तिथे थोडा जांभळा, तिथे फिका निळा असे आगंतुक रंगही येऊ द्या. मूळ चित्र मोठं करून एकेक काच पाहा आणि तिच्यात किती रंग आहेत ते मोजून कागदावर लिहून काढा. हा कारकुनी उद्योग वाटेल, पण माझ्या मते सबंध सरावातला सर्वात शिकवणारा अर्धा तास हाच.

दाराच्या लाकडी पट्ट्या काचांच्या नंतर करा, पाव इंची ब्रशने, एका दमात.

बाल्कनी, कुंड्या, वेली

इथे हात बदलायचा. लांब फटकारा बंद, टोक टेकवून उचलायचं. हिरव्याचे किमान चार प्रकार बशीत करून घ्या : व्हिरिडियन तसाच, व्हिरिडियन आणि लेमन यलो (पोपटी), व्हिरिडियन आणि अल्ट्रामरीन, आणि पांढरा घातलेला फिका. फुलांचा लाल मात्र मिसळत बसू नका. शेंदरीत मॅजेंटाचा थेंब, की झालं. लाल ठिपका नेहमी हिरव्याला खेटून पडला पाहिजे, पण ओल्यात नाही. हिरवा सुकल्यावर शेजारच्या मोकळ्या जागेत.

मोकळी जागा! हीच खरी गोष्ट आहे. ठिपक्या-ठिपक्यांत पांढरा पृष्ठभाग तसाच राहू द्यायचा. फोव्ह चित्रकारांच्या कॅनव्हासवर असे कोरे तुकडे जागोजाग दिसतात. त्यातून दोन कामं होतात. विरोधी रंग एकमेकांत मिसळून करडे होत नाहीत, आणि पानांतून ऊन झिरपल्यासारखं वाटतं. वेगळं ऊन रंगवावं लागत नाही, कोरा कॅनव्हासच ऊन होतो. माझ्या दुसऱ्या नकलेत मी रात्री जेवण झाल्यावर ‘उगाच दोन मिनिटं’ बसले आणि सगळ्या फटी बुजवून टाकल्या. सकाळी पाहते तर बाल्कनीतल्या झाडांना कुणीतरी शेवाळ्याचं ब्लँकेट पांघरलेलं. दुरुस्ती काही नाही. पांढरे ठिपके वरून देऊन पाहिले, ते टाल्कम पावडरसारखे दिसले.

बोटी आणि गुलाबी समुद्र

पहिली बैठक बाल्कनीपाशी थांबवा. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी मध्यावर या.

काकांचा प्रश्न : समुद्र गुलाबी का? भिंत मोरपिशी आहे आणि बोटींची अंगं निळी आहेत. अशा सोबतीत समुद्रही निळा ठेवला असता तर बोटी त्यात बुडून गेल्या असत्या आणि खिडकीचा अर्धा भाग थंड पडला असता. सकाळ-संध्याकाळच्या पाण्यावर गुलाबी झाक असतेच, मातिसने ती झाक उचलून पुढे आणली. पटत नसेल तर प्रयोग करा. निळ्या कागदाचा तुकडा कापून स्क्रीनवर समुद्राच्या जागी धरा. बोटी कुठे गेल्या ते शोधत बसावं लागेल.

गुलाबी करताना पांढरा भरपूर, त्यात थोडा मॅजेंटा आणि चिमूटभर शेंदरी. नुसता मॅजेंटा घेतलात तर समुद्र राणी भिंतीच्या नात्यातला होतो आणि भिंत मागे सरकते. शेंदरीमुळे तो उबदार होतो आणि स्वतःचा राहतो. फटकारे आडवे, तुटक, मधूनमधून फिका निळा. आकाशात तोच गुलाबी फिका करून जांभळट आणि हिरवट-निळ्या पट्ट्यांबरोबर.

बोटींचं अंग एकेका फटकाऱ्याचं. अल्ट्रामरीनमध्ये थोडा सेरुलियन, ब्रश भरून एकदा ओढायचा. डोलकाठी शेंदरी-लाल, गोल ब्रशच्या टोकाने, खालून वर, श्वास रोखून. निळा आणि नारिंगी हेही विरोधी रंग, त्यामुळे ती करंगळीएवढी काठीसुद्धा खोलीतून दिसते. काठ्या तिरक्या येऊ द्या, बोटी पाण्यावर आहेत.

दोरखंड, शिडाच्या घड्या, माणसं यांपैकी काहीही घालू नका. ‘थोडं डिटेलिंग’ करायला गेलात की बोट खरी होते आणि खिडकी खोटी.

थांबायचं कधी

बोर्ड भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जा. डोळे किलकिले करा. डावं-उजवं वजन सारखं वाटतंय का, आणि नजर बोटींपाशी जाऊन परत खोलीत येतेय का, एवढंच तपासा. नजर बाहेरच अडकली तर भिंती कमी पडल्या आहेत. बाहेर जातच नसेल तर समुद्र पुरेसा उजळ नाही. कुठे चिखल झाला असेल तर तो भाग ओल्या फडक्याने टिपून, पूर्ण सुकवून, वर पांढऱ्याचा एक हात द्या आणि त्यावर एकदाच रंग ठेवा. एकूण दुरुस्त्या तीनच. चौथी सापडली तर ती पुढच्या बोर्डासाठी ठेवा.

मग आपली खिडकी

नक्कल झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत स्वतःच्या घरातली एक खिडकी करा, नाहीतर हाताला लागलेलं उडून जातं. सकाळी दहा-अकराची वेळ बरी. ट्यूबलाइट बंद करायची, कारण ती लागली की आतला अंधार जातो आणि सगळं एका पातळीवर येतं. एक मिनिट टक लावून बाहेर पाहा आणि नजर चटकन खिडकीशेजारच्या भिंतीवर आणा. ती तुम्हाला नुसती अंधारी दिसते की कुठल्या रंगाची अंधारी? बाहेर आंब्याचं गच्च झाड असेल तर क्रीम रंगाची भिंतही जांभळट-लालसर झाक मारते. तीच झाक पकडायची आणि तिला दहापट मोठ्याने बोलू द्यायचं.

आपल्या खिडक्यांना आत उघडणारी दारं नसतात, सरकत्या काचा असतात. बिघडत नाही. जिथे एक काच दुसरीवर येते तो पट्टा गडद दिसतो, त्याला तावदानाचं काम द्या. ग्रिल मात्र वगळू नका. बाहेर झाडं असतील तर ग्रिल शेंदरी करा, समोर विटकरी इमारत असेल तर निळं. वाळत घातलेले टॉवेल असले तर देवाचे आभार माना, एवढे सुटे रंग कोलियूरच्या बंदरातसुद्धा मिळाले नसते.

आता काळी ट्यूब काढा

नऊ वर्षांनी, १९१४ च्या शरदात, मातिस पुन्हा कोलियूरला होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. सैन्यात घेतलं जावं म्हणून त्याने खटपट केली, पण त्याला नाकारण्यात आलं. त्याची आई जर्मन फौजांनी व्यापलेल्या उत्तर फ्रान्समध्ये अडकली होती. तेव्हा त्याने पुन्हा कोलियूरचीच खिडकी रंगवली. तिचं माप उभं-आडवं सुमारे दुप्पट, ११६.५ × ८९ सेंटिमीटर. बाजूंना निळे, करडे, हिरवे उभे पट्टे. आणि मधे, जिथे बोटी होत्या, तिथे काळा. ते चित्र त्याच्या हयातीत प्रदर्शनात गेलं नाही, आता पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. तिरप्या उजेडात त्या काळ्याखाली आधी रंगवलेल्या देखाव्याच्या खुणा दिसतात.

दुसरा बोर्ड घ्या. भिंती आणि दारं पहिल्यासारखीच करा, मधे घाईघाईने बाल्कनी आणि बोटीही करा, त्यांचा रंग जरा जाड ठेवा. पूर्ण सुकू द्या, रात्रभर. मग काळ्यात थोडं पाणी घालून चपट्या ब्रशने उभे हात देत सबंध मधला चौकोन झाका. कडा दारांना नीट भिडवा, फट ठेवू नका. या वेळी एकही नाही.

सुकल्यावर बोर्ड हातात घेऊन खिडकीपाशी या आणि उजेडात हळूहळू तिरपा करा. एका कोनात काळ्याखालून डोलकाठ्या वर येतात.